ओटा कुणाच्या कोपराच्या मापाचा?

प्रश्न : ताई, आमचा डोंबिवलीतला फ्लॅट १९९२ सालचा. स्वयंपाकघर ८ बाय १०, कडाप्प्याचा ओटा, खाली उघडे खण, भिंतीला स्टीलची मांडणी. या स्वयंपाकघराला मी तीस वर्षं नावं ठेवत आले. पाठ दुखते, पावसाळ्यात मुंग्या, मे महिन्यात भट्टी. आता मुलगा-सून म्हणतात, ट्रॉल्या बसवू आणि मधली भिंत काढून ओपन किचन करू. साडेतीन लाखांचं कोटेशन आलंय. ट्रॉलीवाल्याने कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवलं. चकचकीत आहे, पण त्यात माझी खिडकी दिसतच नाही, तिथे उंच कपाट आहे. आताचा ओटा ३१ इंच आहे, तो ३६ करणार म्हणे. सून गुणी आहे, भांडत नाही. एवढंच म्हणाली, "आई, चार वर्षं झाली, मला इथे काही सापडतच नाही हो." मी "बघू" म्हणाले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. ओटा मला आवडत नाही, पण तो फोडायचा म्हटलं की पोटात कालवतं. मी हट्टी म्हातारी झाले का? (माझी उंची ४ फूट ११ इंच, सूनबाई साडेपाच फूट. उपयोग असेल तर.)
– ओट्यापाशी तीस वर्षं

उत्तर :

ताई, थोड्या हट्टी आहात. तीस वर्षं कुरकुर केलीत, कुणी लक्ष दिलं नाही. आता पोरं खिशात हात घालायला तयार झाली तर तुम्हाला कालवाकालव होते. पण तो सगळाच हट्ट नाही. पत्रात तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीत आणि ती नेमकी कंसात टाकलीत. ट्रॉलीवाल्याने ओटा मोजला, भिंत मोजली, तुम्हा दोघींना मोजलं का?

आधी पाठीचं बघू. तुम्ही म्हणता ओट्याने पाठ दुखते. मला वाटतं, दुखणं सिंकचं आहे आणि नाव ओट्याचं होतंय. ओटा ३१ इंच म्हणजे सिंकचा तळ त्याखाली आणखी सात-आठ इंच. रोज दोन वेळा २३-२४ इंचांवर वाकून कुकर घासायचा, भाजी धुवायची, तांदूळ धुवायचे. उद्या सकाळी लक्ष ठेवा, कळ भाजी परतताना येते की भांडी विसळताना. माझी खात्री आहे की विसळताना.

मापाची गोष्ट सोपी आहे. सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायची. त्यातून साधारण चार इंच वजा केले की चिरण्या-निवडण्यासाठी ओटा किती उंच हवा ते कळतं. तुमचं कोपर ३७ इंचांच्या आसपास येईल, म्हणजे तुम्हाला ३३ बरा. सूनबाईंचं साडेएकेचाळीसच्या आसपास, त्यांना ३७. ३१ च्या ओट्यावर त्या चार वर्षं सहा इंच जास्त वाकून उभ्या आहेत आणि एका शब्दाने बोललेल्या नाहीत, हेही जाता जाता लक्षात घ्या.

आता ३६ चा सरसकट ओटा केला तर तुमचं काय होईल? त्यावर शेगडी आली, तिचे पाच इंच. शेगडीवर कढई, तिचे चार इंच. कढईचा काठ गेला ४५ वर, म्हणजे जवळजवळ तुमच्या खांद्याला. शिरा परतायचा तर हात उचलून धरायला लागेल आणि आत काय चाललंय ते बघायला टाचा उचलायला लागतील. पोळ्या लाटताना तर खांदेच भरून येतील, कारण लाटायला आणि कणीक मळायला वरून जोर लागतो, त्यासाठी चिरण्याच्या उंचीपेक्षाही खाली पृष्ठभाग हवा. आपल्या आज्या परात जमिनीवर ठेवून गुडघ्याने दाबून मळायच्या, त्या काही उगाच नाही.

म्हणून ओटा एका उंचीचा करूच नका. सिंक आणि त्याच्या शेजारचा दोन-अडीच फुटांचा भाग ३६ वर घ्या. सूनबाईंना तिथे चिरता येईल, आणि सिंक उचललं गेल्यामुळे तुमची पाठही सुटेल. शेगडीचा भाग ३१-३२ वरच राहू द्या, शेगडी स्वतःची उंची घेऊन येतेच. पोळ्या जेवणाच्या टेबलावर बसून लाटा, टेबल ३० इंचांचं असतं. ओट्याला मध्ये पायरी आली की चित्रात ती तितकी देखणी दिसत नाही, ट्रॉलीवाला नाक मुरडेल. मुरडू दे. तो तुमच्याकडे पोळ्या लाटायला येणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मलाही पैसे घालवल्यावर कळली. तुमच्या ओट्याखाली आज उघडं आहे, त्यामुळे उभं राहिल्यावर पावलं सहज आत जातात आणि पोट ओट्याला टेकतं. ट्रॉल्या बसल्या की पुढची फळी पार ओट्याच्या काठापर्यंत येते. मग अंगठे फळीला ठेचतात, माणूस चार बोटं मागे उभं राहतं आणि पुढे झुकून काम करतं. ट्रॉल्यांच्या तळाशी जमिनीलगत चार इंच उंच आणि तीन इंच खोल खाच ठेवायला सांगा. बहुतेक जण ठेवतात, पण आठ फुटांच्या स्वयंपाकघरात एक जादा डबा बसवायच्या नादात कधी कधी तीच पहिली जाते. माझ्याकडे गेली होती.

माझी कथा सांगतेच. पंधराएक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी ट्रॉल्या ठरवल्या. विक्रेत्याने खिशातून लोहचुंबक काढलं, बास्केटला लावलं, चिकटलं नाही. "बघा मॅडम, अस्सल स्टेनलेस." मी भुलले. दोन पावसाळ्यांत सिंकखालच्या बास्केटच्या जोडांवर तांबूस ठिपके आले, तिसऱ्यात तारा सुटल्या. मग कळलं की २०२ नावाचं स्वस्त स्टील आणि ३०४ नावाचं चांगलं स्टील, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. फरक आतल्या निकेलचा आणि क्रोमियमचा. तेव्हा चुंबकाचे खेळ बघू नका, बिलावर "३०४" लिहून घ्या. सिंकखाली तर बास्केट नकोच. तिथे कुठलंही लाकूड शेवटी फुगतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, फार लवकर, साधं प्लाय थोडं उशिरा. लावायचंच असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय. माझ्या मते तो खण उघडा ठेवावा, त्यात कचऱ्याच्या दोन बादल्या बसतात, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि गळती लागली तर त्याच दिवशी दिसते. माझी गळती झुरळांना माझ्या आधी सापडली होती.

आता खिडकी. तुम्ही पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण सगळं पत्र त्या वाक्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं. ग्रिलमध्ये तुळस असेल, कुरडयांचं ताट असेल, साडेचारच्या चहाला तिथेच कठड्याला कोपर टेकत असाल, समोरच्या इमारतीतल्या कुणाशी तरी "झालं का" "झालं" होत असेल. आठ बाय दहाच्या खोलीत उजेड आणि वारा यायला ती एकच वाट आहे आणि तिथे कपाट? हे चित्र काढणाऱ्याने कधी मिरच्यांची फोडणी दिलेली नाही.

एक गंमत सांगते. आजच्या या सगळ्या ट्रॉली-किचनची पणजी म्हणजे जर्मनीतल्या फ्रांकफुर्टचं स्वयंपाकघर. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईने ते तिथल्या नव्या वसाहतींसाठी आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये जशी चिंचोळ्या जागेत सगळी सोय असते तशी. डाळ-तांदूळ-साखरेला अ‍ॅल्युमिनियमचे ओढायचे डबे, त्यांना धरायला कान आणि ओतायला चोच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. इतकी काटकसर करणाऱ्या त्या बाईने चिरायचा-निवडायचा कट्टा कुठे ठेवला? खिडकीखाली, आणि समोर बसायला स्टूल. तुमच्या ट्रॉलीवाल्याला हे सांगा.

त्या स्वयंपाकघराची खोड मात्र अशी होती की त्यात दुसरं माणूस मावायचं नाही. एकटीने आत काम करायचं, बाकी घर बाहेर. तुमचा प्रश्न नेमका दुसऱ्या माणसाचा आहे. तुमच्या आठ फुटांतून ओट्याचे दोन फूट गेले की सहा उरतात. समोरच्या भिंतीला उंच कपाट लावलं की चार. चार फुटांत दोघी पाठीला पाठ लावून वावरू शकतात, पण एकीने ट्रॉली ओढली की दुसरीने थांबायचं. म्हणून समोरची भिंत शक्यतो मोकळी. तिथे फूटभर खोलीची मांडणी चालेल. हो, तुमची तीच स्टीलची. ताटाळं, कपांचे हुक, चमच्यांचा स्टँड असलेली. वाळलेली भांडी डोळ्यांसमोर, वारा लागतो, झुरळं होत नाहीत. लोक आता तिला भंगारात देतात आणि चार वर्षांनी "ओपन शेल्फ" म्हणून तेच विकत घेतात.

भिंत काढण्याच्या मी विरोधात आहे. आपल्याकडे रोज फोडणी असते, तळण असतं, तुम्ही खात असाल तर सुका बोंबील असतो. तो वास सोफ्यात जाऊन बसतो आणि पाहुण्यांच्या आधी येऊन तुम्हाला भेटतो. "चिमणी बसवू ना" असं मुलगा म्हणेल. बसवा, जरूर बसवा, पण पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त तितकी तिची ओढ कमी, म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीजवळ हवी. शिवाय ३०-३२ वर्षांच्या इमारतीत कुठलीही भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायची आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची. कॉन्ट्रॅक्टरचं "काही होत नाही ओ" हे इंजिनिअरचं मत नव्हे. मुलांना आईशी बोलत बोलत स्वयंपाक व्हावा असं वाटत असेल, आणि ती इच्छा चांगली आहे, तर इंजिनिअर हो म्हणत असल्यास त्या भिंतीत तीन फुटांची सरकत्या काचेची खिडकी काढा. ताटं तिथून द्या, फोडणीच्या वेळी काच ओढा.

आता मला थोडं कडू बोलायचंय. जुनं ते सोनं या सुरात मी तुम्हाला साथ देणार नाही. माझ्या आजोळी कोकणात चुलीचं स्वयंपाकघर होतं. त्याचे फोटो आता लोक हौसेने लावतात. मला आठवते ती धुराने काळी झालेली कौलं, दिवसासुद्धा कंदील लागेल असा काळोख आणि फुंकणीने फुंकर घालून लाल झालेले मामीचे डोळे. त्या खोलीवर तिचं प्रेम होतं का, हे तिला कुणी विचारलं नाही. गॅस आल्यावर ती पहिल्या दिवशी नुसती उभी राहून निळ्या जाळाकडे बघत होती, ते मात्र मी पाहिलंय. तेव्हा ओटा फुटेल म्हणून दुखवटा पाळू नका.

कडाप्पा तसाही लाडाचा दगड नव्हे. आंध्रातल्या कडप्प्याहून येतो, चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिलं की त्यावर पांढुरका डाग पडतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही. ग्रॅनाइटला हा त्रास फार कमी. पण तुमच्या ओट्याला शेगडीच्या उजव्या हाताला एक जागा असणार, हातांनी गुळगुळीत झालेली, जिथे तूप लावून तुम्ही नारळाच्या वड्या थापत आलात. ओटा फोडणाऱ्याला सांगून तेवढा दोन बाय दीड फुटांचा तुकडा कटरने कापून घ्या, कडा घासून घ्या आणि खिडकीच्या कठड्यावर बसवा. वड्या तिथे थापा. चहाचा कप तिथे ठेवा. पोटातली कालवाकालव किती उरते ते मग मला कळवा.

आणि सूनबाई. "मला इथे काही सापडतच नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. रंगाबद्दल नाही, चकचकीतपणाबद्दल नाही, चार वर्षं घरात राहून जिरं कुठे ते विचारावं लागतं याबद्दल आहे. तुमच्याकडे डब्यावर डबा असणार, रव्याच्या डब्यात साबुदाणा आणि साबुदाण्याच्या डब्यात लग्नात आलेल्या, नावं घातलेल्या वाट्या. तुम्हाला डोळे मिटून सापडतं, कारण नकाशा तुमच्या डोक्यात आहे. तो भिंतीवर कुठेच नाही.

म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी एक रविवार घ्या. सूनबाईंना म्हणा, आज सगळा स्वयंपाक तू कर, आमटी-भात-पोळी-भाजी-कोशिंबीर, मी नुसती बसणार. स्टुलावर बसा आणि बोलू नका. हे अवघड जाईल, जिभेवर खडीसाखर धरा. त्या किती वेळा कपाट उघडून बंद करतात, कुठे वाकतात, कुठे गरम भांडं हातात घेऊन ठेवायला जागा शोधत उभ्या राहतात, हे कागदावर लिहा. पुढच्या रविवारी तुम्ही करा, त्या लिहितील. हे दोन कागद कॉम्प्युटरच्या चित्रापेक्षा मोलाचे. मला वाटतं त्यात तीन गोष्टी निघतील : सिंक आणि शेगडीच्या मध्ये मोकळी जागा नाही, ट्यूबलाइट पाठीमागे असल्याने चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते, आणि मिक्सर लावायला फ्रिजचा प्लग काढावा लागतो. यातल्या एकाही गोष्टीला चकचकीत दार लागत नाही.

पैशांचा क्रमही तिथूनच लागेल. ओटा फोडणारच आहात तर आधी जुने पाण्याचे पाइप आणि वायरिंग बदला, प्लग वाढवा, मांडणीखाली दिव्याची पट्टी लावा. मग ओटा. मग तीन ट्रॉल्या : चमच्यांची, ताटांची आणि कुकर-कढयांची खोल. एवढ्या पुरतात. तुम्ही अजून सिलिंडर वापरत असाल तर त्याच्या खणाला दार लावलं तरी खाली जमिनीलगत जाळी हवीच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साठतो. घरगुती पाइप गॅस असेल तर तो हलका, वर जातो, तिथे वरचा झरोका महत्त्वाचा. आणि त्या पाइपची जागा बदलायला गॅस कंपनीचाच माणूस, ट्रॉलीवाल्याचा प्लंबर नव्हे. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलतात, तुमची कधी बदलली ते बघा.

मुलाला आज रात्री एवढंच सांगा की हो म्हणते, पण चित्र पुन्हा काढायचं आणि खिडकीपासून सुरू करायचं. मग पेन्सिल घ्या, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून दोघी उभ्या राहा आणि एकमेकींच्या कोपराची खूण करा. मुलांची उंची मोजायला करतो ना, तशी.

मिसळणाचा डबा नव्या ओट्यावर कुठे ठेवायचा ते मात्र सूनबाईंना ठरवू द्या. सापडला नाही तर विचारा.